सात, इकडचे आणि तिकडचे

पातेल्यात पाणी तापत ठेवलं की उकळी फुटायच्या बऱ्याच आधी तळाशी आणि कडांना बारीक बुडबुडे धरतात. ते वाफेचे नसतात. पाण्यात मुरलेली हवा ऊब लागताच बाहेर निघायला लागते, तिचे ते बुडबुडे. चहाचं आधण ठेवणाऱ्या प्रत्येकानं ते पाहिलेले असतात, पण त्यांच्यापाशी कुणी थांबत नाही. माझा मात्र सगळा पेशाच त्या बुडबुड्यांवर उभा आहे. बॉयलरला जाणाऱ्या गरम पाण्यात ऑक्सिजन किती उरलाय हे सांगणं, हे माझं काम. डहाणू, तलासरी आणि पुढे गुजरातच्या हद्दीला लागून असलेले लहानमोठे कारखाने हा माझा फिरतीचा मुलूख. एका बाजूला घोलवडच्या चिकूच्या वाड्या आणि खाडी, दुसऱ्या बाजूला तलासरीचे डोंगर आणि पाडे, आणि मधल्या पत्र्याच्या शेडांमधून धडधडणारे बॉयलर.

आकडे वाचायला सोपे आहेत. समुद्रसपाटीला, उघड्या हवेखाली, २० अंशांचं गोडं पाणी लिटरमागे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन धरतं. ३० अंशांना साडेसात. ६० ला ४.७, ८० ला २.८, ९० ला १.६, आणि १०० ला, पाणी खदखदायला लागलं की जवळजवळ काहीच नाही. हा तक्ता प्रत्येक बॉयलर घराच्या भिंतीवर लावावा अशा मताची मी आहे. बॉयलरला पाणी देणाऱ्या फीड टँकमध्ये थर्मामीटर बुडवायचा, तक्त्यात बघायचं, अंदाज हाती येतो. बाकी काही साधन नसलं तरी एवढं कुणालाही जमतं.

पण या तक्त्याच्या पोटात एक अट दडलेली आहे आणि ती विसरली की तो फसवतो. तापलेल्या पाण्याला ऑक्सिजन धरताच येत नाही म्हणून आकडा शून्यावर येतो, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. मँचेस्टरच्या विल्यम हेन्रीनं १८०३ मध्ये दाखवून दिलं, की पाण्यात वायू किती मुरणार हे त्या वायूचा पाण्याच्या पृष्ठभागावर किती दाब आहे यावर ठरतं. पाणी तापत जातं तशी त्याच्यावरची जागा वाफ अडवत जाते. १०० अंशांना हवेच्या दाबाएवढा सगळा दाब एकट्या वाफेचा होतो, ऑक्सिजनच्या वाट्याला तिथे काही उरतच नाही, आणि म्हणून तो पाण्यातूनही निघून जातो. आता हेच पाणी झाकण घट्ट लावून तापवा. वायूला जायला वाट नाही. थर्मामीटर १०५ दाखवील, तक्ता शून्य सांगेल, आणि पाण्यात ऑक्सिजन तसाच बसलेला असेल. तापमान हा अर्धाच पुरावा. उरलेला अर्धा म्हणजे वायूला बाहेर पडायला वाट आहे का, आणि ती उघडी आहे का.

मोठ्या बॉयलरांना त्यासाठी डिएरेटर असतो. वरून पाण्याचे थेंब, खालून वाफ, दोघांची गाठ पडते, पाणी उकळबिंदूपर्यंत तापतं आणि सुटलेला वायू डोक्यावरच्या व्हेंटमधून थोड्याशा वाफेबरोबर निघून जातो. ती वाफ रात्रंदिवस हवेत जाताना दिसते. खर्चाची चणचण असली की आधी तिच्याकडे बोट जातं, आणि कुणीतरी तो व्हॉल्व्ह आवळतो. वाचलेली वाफ डोळ्यांना दिसते, आत अडकलेला वायू दिसत नाही.

लहान कारखान्यात डिएरेटर नसतो. तिथे एक फीड टँक, रसायन सोडणारा एक डोसिंग पंप, आणि एक माणूस. हद्दीजवळच्या एका कारखान्यात दोन टनी बॉयलर आहे. त्यावरचे अटेंडंट तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावरचे वारली गृहस्थ आहेत. मी त्यांना काका म्हणते, ते मला मॅडम. पहाटे खचाखच भरलेल्या इको गाडीनं हद्द ओलांडून शिफ्टला येणाऱ्या शेकडो माणसांतले ते एक. डहाणूभोवतीच्या पर्यावरणाच्या निर्बंधांमुळे इकडे मोठे कारखाने थोडे. उंबरगाव, सरीगाम, वापीकडे ही माणसं रोज जातात.

काका टाकीच्या पत्र्याला हाताची मागची बाजू लावतात आणि आकडा सांगतात. मी थर्मामीटर बुडवते. फरक फार नसतो. पण त्यांची टाकी साठच्या वर जाऊ द्यायची नाही अशी तिथली पद्धत होती, आणि त्याला कारण होतं. टाकी जमिनीवर ठेवलेली. पाणी ऐंशीच्या पुढे तापवलं की फीड पंपाच्या तोंडाशी त्याची वाफ व्हायची, पंप कडकडायचा, पाणी उचलायचा नाही. पंप बंद म्हणजे बॉयलर बंद. पंप वाचवायला पाणी कोमट ठेवायचं, आणि कोमट पाण्यातून ऑक्सिजन थेट बॉयलरमध्ये जायचा. दोन्हीही खरं, दोन्हीही नुकसानीचं.

तो ऑक्सिजन काय करतो ते त्याच बॉयलरमधून काढलेल्या एका ट्यूबवर मी बघितलं. दर वर्षी बॉयलर गार करून, उघडून सरकारी निरीक्षकाला दाखवावा लागतो. १९२३ च्या कायद्यानं हे बंधन घातलं आणि २०२५ मध्ये त्याच्या जागी नवा कायदा आला तरी ते कायम आहे. तशा एका वार्षिक तपासणीत ट्यूब बदलली आणि ओट्यावर आडवी ठेवली. बाहेरून तिचा बराचसा भाग धड होता, राखाडी-काळा. गरम पाण्यात लोखंडावर आपोआप धरणारा तो काळा थर म्हणजे मॅग्नेटाईट, आणि तो लोखंडाचं रक्षण करतो. पण पाणी जिथून आत येतं त्या बाजूला, जागोजागी, मसुराएवढे तांबूस फुगवटे होते. काकांनी पान्ह्याच्या टोकानं एक फुगवटा खरवडला. वरचं तांबूस टरफल निघालं. खाली काळी ओलसर भुकटी होती. ती पुसली तर खाली खड्डा, काठ स्पष्ट, तळ चकचकीत. देवीच्या व्रणांसारखे ते खड्डे, भोवतालची कातडी मात्र अगदी निरोगी.

लोखंड सगळीकडून सारखं झिजलं असतं तर ट्यूब कित्येक वर्षं टिकली असती. तिची जाडी तीन-साडेतीन मिलिमीटर. ऑक्सिजनचं काम तसं नाही. तो एका लहान जागेचा पिच्छा धरतो. फुगवट्याच्या आत ऑक्सिजन पोचत नाही, बाहेर मुबलक असतो, आणि या तफावतीतूनच आतलं लोखंड विरघळत जातं. आजूबाजूचा मोठा पृष्ठभाग सुरक्षित राहून त्या एका बिंदूला पोखरतो. किलोभर लोखंडातलं चिमूटभर गेलं तरी ट्यूबला भोक पडतं आणि सगळा बॉयलर थांबतो. म्हणूनच सरासरी झीज काढून काही कळत नाही. पाण्यात ऑक्सिजन किती, हेच मोजावं लागतं.

त्या बॉयलरचा हिशोब मी काकांच्या लॉगबुकच्या मागच्या पानावर मांडला. तासाला दोन हजार लिटर पाणी. साठ अंशांना लिटरमागे ४.७ मिलिग्रॅम म्हणजे तासाला ९.४ ग्रॅम ऑक्सिजन. त्याला मारायला सोडियम सल्फाईट लागतं ते आठपट, तासाला ७५ ग्रॅम, दिवसाला जवळजवळ एक किलो ८०० ग्रॅम, शिवाय बॉयलरमध्ये थोडं शिल्लक ठेवायचं ते वेगळं. आणि सल्फाईटचं सल्फेट होऊन ते पाण्यातच राहतं, टीडीएस म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण चढतं, क्षार काढायला बॉयलरमधलं पाणी सोडून देतात तो ब्लोडाऊन वाढवावा लागतो, तापवलेलं पाणी गटारात जातं. तेच पाणी ८५ अंशांना नेलं तर ऑक्सिजन सव्वादोनवर येतो आणि सल्फाईट नऊशे ग्रॅमच्या आत. काकांनी दोन्ही आकड्यांवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "टाकी उंचावर पाहिजे मॅडम. पंपाला वरून पाणी दाबलं तर तो बोंबलणार नाही." हेच उत्तर होतं. टाकी लोखंडी स्टँडवर चढली, पाण्याच्या उंचीचा दाब पंपाला मिळाला, आणि ८५ अंशांचं पाणी तो मुकाट्यानं उचलायला लागला. कंडेन्सेटचा, म्हणजे वाफ थंडावून झालेल्या पाण्याचा, परतीचा पाईप पूर्वी वरून धबधबा टाकायचा आणि प्रत्येक थेंबाबरोबर हवा आत न्यायचा. तो पाण्याखाली नेला.

अंदाजानं एवढं होतं. पण अंदाज तो अंदाजच. खात्री करायची तर नमुना घ्यावा लागतो, आणि या कामात नमुना घेणं हीच खरी विद्या आहे. गरम पाणी तसंच बाटलीत धरलं तर ते बाहेरच्या हवेशी लगेच देवाणघेवाण करतं. म्हणून ते गार पाण्याच्या कॉईलमधून आणायचं, हाताला गार लागेपर्यंत, आणि काही मिनिटं वाहू द्यायचं. नळी स्टेनलेस स्टीलची हवी. प्लॅस्टिकच्या किंवा रबराच्या नळीतून ऑक्सिजन आत शिरतो. आतून पाण्याचा दाब बाहेर ढकलत असतानाही भिंतीतून उलटा आत येतो, कारण त्याला पाण्याच्या दाबाशी देणंघेणं नाही. आत ऑक्सिजन कमी, बाहेर जास्त, एवढंच त्याला पुरतं. मग वाहत्या नमुन्यात, आत रसायन असलेली काचेची निर्वात कुपी उलटी बुडवायची, टोक पाण्याखालीच मोडायचं. पाणी स्वतःहून आत धावतं आणि कुपी गुलाबी होते. जितका ऑक्सिजन तितका गुलाबी गडद. शेजारी ठेवलेल्या रंगांच्या नळ्यांशी अर्ध्या मिनिटाच्या आत ताडून बघायचं, कारण नंतर रंग बदलत जातो. ते अर्धं मिनिट मला फार आवडतं. शेडमधला सगळा गोंगाट चालू असतो आणि दोन माणसं उजेडाकडे तोंड करून गुलाबीच्या दोन छटांत फरक शोधत असतात.

विजेच्या केंद्रांत हे मोजमाप आणखी हजारपट बारीक होतं. तिथे दाब चौरस सेंटिमीटरला दीडशे किलोच्या घरात, सल्फाईट तिथे चालत नाही, ते फुटून आम्लधर्मी वायू तयार होतात. म्हणून हायड्रेझिन किंवा त्याला पर्याय म्हणून आलेली दुसरी रसायनं वापरतात. डिएरेटरमधून निघणाऱ्या पाण्यात ऑक्सिजन सात पीपीबीच्या वर नको अशी अपेक्षा असते. सात पीपीबी म्हणजे हजार लिटर पाण्यात सात मिलिग्रॅम. भिंतीपलीकडे नाल्याच्या एका लिटर पाण्यात असतात तेवढे सात.

तरी शून्य हे ध्येय नाही, हे या क्षेत्रानं माणसं गमावून शिकलंय. ९ डिसेंबर १९८६ ला अमेरिकेत व्हर्जिनियातल्या सरी अणुवीज केंद्रात फीडवॉटरचा पाईप फुटला आणि चार कामगार गेले. ९ ऑगस्ट २००४ ला जपानच्या मिहामात गरम पाण्याच्या पाईपचं तेच झालं, पाच कामगार गेले. तिथली १० मिलिमीटरची भिंत झिजून फार थोडी उरली होती. जोरात वाहणाऱ्या, ऑक्सिजन अगदीच नसलेल्या गरम पाण्यात तो काळा रक्षक थर विरघळत राहतो आणि पाईप आतून पातळ होत जातो. काही अतिशुद्ध पाण्याच्या बॉयलरांत म्हणूनच मोजून मापून थोडा ऑक्सिजन मुद्दाम सोडतात. जास्त झाला तर खड्डे, मुळीच नसला तर झीज. किती, हाच प्रश्न शेवटी उरतो, आणि त्याचं उत्तर पाणी, धातू आणि तापमान बघून प्रत्येक ठिकाणी नव्यानं द्यावं लागतं.

डहाणूचं औष्णिक केंद्र खाडीच्या काठी उभं आहे. अडीचशे मेगावॅटचे दोन संच, १९९५ पासून मुंबईच्या उपनगरांना वीज देणारे. त्याआधीच, २० जून १९९१ च्या अधिसूचनेनं, डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला होता. चिकूच्या बागा, भाताची खाचरं, जंगल, खाडी आणि त्यांवर जगणारी वारली, मांगेला माणसं यांच्या शेजारी कोळशाची राख आणि गंधकाचा धूर, हा पेच न्यायालयात गेला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण आलं आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. नर्गिस इराणींसारख्या स्थानिक बागायतदारांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, प्राधिकरणानं आग्रह सोडला नाही, आणि २००७ मध्ये धुरातला गंधक काढणारं संयंत्र सुरू झालं. देशात बहुतेकांना अशा संयंत्राची निकड वाटत नव्हती त्या काळातली ही गोष्ट. मला तिचा अभिमान आहे.

ते संयंत्र समुद्राच्या पाण्यानं धूर धुतं. इथे माझ्या पेशाचा आणि खाडीचा सांधा जुळतो. धुरातला सल्फर डायऑक्साईड खाऱ्या पाण्यात विरघळला की पाणी आंबट होतं आणि त्यात सल्फाईट तयार होतं. काकांच्या डोसिंग टाकीत आम्ही पोत्यातून ओततो तेच सल्फाईट. आणि त्याचा गुण जागा बदलली म्हणून बदलत नाही. मिळेल तिथून ऑक्सिजन खाऊन त्याला सल्फेट व्हायचं असतं. बॉयलरच्या पाण्यात त्याची ही भूक आपल्याला हवी असते. खाडीत ती माशांच्या वाट्याचं खाईल. म्हणून अशा पद्धतीत धुतलेलं पाणी सोडण्याआधी भरपूर ताज्या समुद्राच्या पाण्यात मिसळतात, त्यात हवा फुंकतात, सल्फाईटचं सल्फेट होऊ देतात, आंबटपणा उतरू देतात, आणि मगच बाहेर सोडतात. एकाच आवारात, एका टोकाला पाण्यातून ऑक्सिजन हाकलण्याचा खटाटोप आणि दुसऱ्या टोकाला तो परत भरण्याचा. दोन्हीकडे चांगलं काम म्हणजे तोच एक आकडा ठीक असणं. फक्त एकीकडे वरची मर्यादा, दुसरीकडे खालची.

खालची मर्यादाही कागदावर आहे. शिंपल्यांची आणि माशांची पैदास होते, किनारा संवेदनशील आहे अशा समुद्राच्या पाण्यासाठी लिटरमागे ५ मिलिग्रॅम किंवा ६० टक्के संपृक्तता, यांतलं जे जास्त ते, असा देशाचा निकष आहे. यात हात मोकळा ठेवायला जागा फार थोडी असते. खारं पाणी मुळातच गोड्यापेक्षा कमी वायू धरतं, ३० अंशांना सहाच्या थोडं वर. त्यात थंड करण्यासाठी घेतलेलं पाणी ऊन होऊन परत येतं. पातेल्यातल्या बुडबुड्यांचा नियम खाडीलाही तोच लागू आहे.

उन्हाळ्यात तलासरीकडचे ओढे आटून डोह उरतात. अशा डोहावर उजाडायच्या आधी गेलं तर मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडमीट करताना दिसतात. शेवाळ दिवसा ऑक्सिजन करतं आणि रात्री सगळेच तो वापरतात, म्हणून पहाटेचा आकडा सगळ्यात खाली जातो. पाड्यावरच्या पोरांना हे आकड्याशिवाय ठाऊक असतं, मासे कुठल्या वेळी हाताला लागतात ते ती बरोबर सांगतात. पहिला पाऊस झाला, ओढे खळखळले, पाण्यात हवा मिसळली की वलगणीचे मासे उलट्या प्रवाहात चढतात. खाडीच्या चिखलातला निवटा ओल्या अंगानं हवेतूनही श्वास घेऊ शकतो, म्हणून तो ओहोटीत उघड्यावर उड्या मारत राहतो. बोय आणि कोळंबीला ती सोय नाही. त्यांना पाण्यात असेल तेवढ्यावरच भागवावं लागतं. धाकटी डहाणूच्या मांगेला मावश्या टोपली उतरवताना कुठला मासा यंदा कमी आला ते न विचारता सांगतात. त्या सांगण्याच्या शेजारी पाण्याचा आकडा लिहिलेला असला तर त्या अनुभवाला पुराव्याचं बळ मिळेल.

तो आकडा काढायला महागडं यंत्र लागत नाही. लायोश विंकलर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञानं १८८८ मध्ये दिलेली रीत आजही कॉलेजच्या प्रयोगशाळेत जमते. काचेच्या बुचाची बाटली पाण्यानं काठोकाठ, आत एकही बुडबुडा न ठेवता भरायची. मँगनीज सल्फेट आणि आयोडाईड घातलेला अल्क तळाशी सोडायचा. ऑक्सिजन नसेल तर साका पांढरा राहतो, असेल तर बदामी होतो. मग आम्ल घालायचं, साका विरतो, पाणी आयोडीननं पिवळं होतं. थायोसल्फेटचे थेंब सोडत जायचं, शेवटाकडे स्टार्च घालायचा, पाणी निळं होतं, आणि एका थेंबाला तो निळा रंग जातो. ब्युरेटवरचा आकडा म्हणजे पाण्यातला ऑक्सिजन. नमुना घेतल्या जागीच पहिली दोन रसायनं घातली की तो बांधला जातो, उरलेलं काम प्रयोगशाळेत जाऊन करता येतं.

डहाणू तालुक्यातल्या वाढवणला बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली आहे. हा किनारा पुढच्या काही वर्षांत खूप बदलणार. बदलाच्या आधीचे आकडे आत्ताच लिहून ठेवले तर पुढच्या वादात बोलायला आधार राहील, नंतर ते कुणालाही मागे जाऊन मोजता येणार नाहीत. तलासरीत कॉम्रेड गोदावरी परुळेकरांच्या नावाचं महाविद्यालय आहे, डहाणूतही महाविद्यालयं आहेत. तिथल्या रसायनशास्त्राच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. विद्यार्थ्यांना बाटल्या द्या आणि महिन्यातून एकदा, उजाडण्यापूर्वी, डहाणू खाडीवर, कुर्झे धरणावर आणि एखाद्या ओढ्याच्या डोहावर पाठवा. पाण्याचं तापमान आणि ऑक्सिजन, दोनच रकाने, तारखेसह, मराठीत. वही कॉलेजात राहू द्या आणि एक प्रत धाकटी डहाणूच्या बंदरावर लावा. बॉयलरवाल्या काकांच्या लॉगबुकात हे दोन रकाने दर शिफ्टला भरले जातात. पहिल्या वर्षीचे नमुने कसे घ्यायचे ते दाखवायला मी येईन.